वाचक विचारतात : चॅप्टरसोबत कोणता शब्द जुंपायचा?

या खेपेला टपालानं आणि व्हॉट्सअॅपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच शब्दावर आहेत, चॅप्टर. पीएचडीवाल्यांचं सबमिशन जवळ आलं की असं होतंच. म्हणून अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावं हे बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, रागावू नका. घरी कापसाची वेचणी चालू आहे, संध्याकाळी काटा करायला मलाच वावरात जावं लागतं, त्यामुळे ही उत्तरं मधल्या वेळात मोबाइलवर टाईप केलीत, कुठं मात्रा-वेलांटी हुकली असेल तर सांभाळून घ्या.

प्रश्न (दारव्हा तालुक्यातले एक वाचक, अर्थशास्त्रात पीएचडी करतात) : सर, माह्या गाइडनं तिसऱ्या प्रकरणाची पहिलीच ओळ लाल केली. मी लिहिलं होतं, "इन द चॅप्टर थ्री इट इज डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम्स ऑफ कॉटन ग्रोअर्स". मले तर ग्रामर बरोबर वाटते. ते म्हनते कोलोकेशन पाहा. हे कोलोकेशन काय भानगड हाये?

उत्तर : भाऊ, भानगड काही नाही, तुम्ही ती रोज मराठीत बिनचूक करता, फक्त तिला नाव आहे हे माहीत नव्हतं. चॅप्टरला आपल्याकडे तीन शब्द आहेत, धडा, प्रकरण आणि अध्याय. आता पाहा, धडा आपण गिरवतो, धडा घेतो, कोणाला धडा शिकवतो. प्रकरण मिटवतो, दाबतो, अंगाशी येतं, आणि बँकेत लोनचं प्रकरण टाकतो. अध्याय मात्र फक्त वाचतो किंवा ऐकतो, फार तर लावतो. "मी बँकेत अध्याय टाकला" असं कोणी म्हटलं तर अख्खा पारावरचा कंपू हसेल, पण काहून हसले हे विचारा, एकालाही नियम सांगता येणार नाही. कानाला माहीत असतं. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो ही जी सवय असते ना, तीच कोलोकेशन. मी तिला जोडी म्हणतो.

हा शब्द भाषाशास्त्रात रुजवला तो फर्थ नावाच्या इंग्रज प्राध्यापकानं, आणि गंमत म्हणजे हा माणूस १९१९ ते १९२८ लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शब्द कोणाच्या संगतीत राहतो त्यावरून तो ओळखावा. आपल्याकडे हे बैलांवरून सांगून झालेलं आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

आता तुमचं वाक्य. त्यात तीन गोष्टी खटकतात. नंबर लावला की "द" जातो, "चॅप्टर थ्री", पण शब्दात क्रम सांगितला की "द" हवा, "द थर्ड चॅप्टर". दुसरं, "डिस्कस" ला "अबाउट" चालत नाही. हे आपल्या हातून होतं कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी"बद्दल" चर्चा करतो, तो "बद्दल" आपल्या मागे मागे इंग्रजीत येतो. "डिस्कशन" हे नाम असेल तर "अबाउट" किंवा "ऑफ" येईल, क्रियापद असेल तर सरळ कर्म. तिसरं ते "इट इज", ते कशाला पाहिजे? चॅप्टरलाच कर्ता करा. "चॅप्टर थ्री डिस्कसेस द प्रॉब्लेम्स फेस्ड बाय कॉटन ग्रोअर्स." झालं. (इथं "प्रॉब्लेम" आणि "फेस" हीपण एक जोडीच आहे, फुकटात घ्या.)

पण "डिस्कस" एकटाच घेऊन पाचही प्रकरणं ओढायला गेलात तर तो दमेल आणि वाचणाराही दमेल. प्रकरण काय काम करतंय ते पाहून क्रियापद जुंपायचं. आधीच्या अभ्यासांचा आढावा असेल तर "रिव्ह्यूज", म्हणजे "चॅप्टर टू रिव्ह्यूज द लिटरेचर". इतिहास सांगत असाल, समजा विदर्भात कापूस खरेदी कशी बदलत गेली, तर "ट्रेसेस". अभ्यास कसा केला हे "डिस्क्राइब्ज" किंवा "आउटलाइन्स". आकडे, तक्ते, निष्कर्ष असतील तर "प्रेझेंट्स" किंवा "रिपोर्ट्स". एखाद्या गोष्टीची बारकाईनं तपासणी असेल तर "एक्झॅमिन्स", अजून पक्कं काही सांगायचं नाही, चाचपून पाहायचं आहे तर "एक्सप्लोअर्स". आणि तुम्ही ठाम मत मांडत असाल तर "धिस चॅप्टर आर्ग्यूज दॅट", हे आपली पोरं लिहायला भितात, भिऊ नका, थिसिसमध्ये मत मांडायलाच तर बसवलंय तुम्हाला.

काही क्रियापदं शेपटीसकट येतात, ती शेपटी तोडायची नाही. "डील्स विथ", "फोकसेस ऑन", "टर्न्स टू", "इज कन्सर्न्ड विथ", "इज डिव्होटेड टू". एखाद्या विषयाला पूर्ण प्रकरण दिलं असेल तर "अॅन एंटायर चॅप्टर इज डिव्होटेड टू" हे छान बसतं. "कन्सिस्ट्स ऑफ" बरोबर, पण "कॉम्प्राइझेस" च्या मागे "ऑफ" लावू नका, ही चूक इतकी सर्रास दिसते की आता बरोबरच वाटायला लागली आहे.

आणि एक, "धिस चॅप्टर थ्रोज लाइट ऑन". हे चूक नाही, पण आपल्याकडच्या थिसिसमध्ये प्रत्येक प्रकरण कशावर ना कशावर प्रकाश टाकतंच. प्रकाश पुराव्यानं पडतो, आकड्यांनी पडतो. प्रकरणानं आपलं काम सांगावं. "टेल्स अबाउट" आणि "गिव्ह्ज इन्फर्मेशन अबाउट" हे मात्र सरळ काढून टाका, ते शाळेतल्या निबंधाचे शब्द आहेत.

प्रश्न (मेहकरहून एक वाचक भगिनी) : "इन चॅप्टर", "ऑन चॅप्टर" की "अॅट चॅप्टर"? आमच्या कॉलेजात तिघी तीन सांगतात.

उत्तर : ताई, यात मराठीच तुमच्या कामाला येते. आपण पाना"वर" म्हणतो आणि प्रकरणा"त" म्हणतो, इंग्रजी इथं आपल्यासारखीच आहे, "ऑन पेज फॉर्टी" पण "इन चॅप्टर फोर". तक्त्यात, विभागात, परिच्छेदात, तिथंही "इन". "अॅट" जो घुसला तो कोर्टाच्या इंग्रजीतून, वकील लोक "अॅट पेज नंबर अमुक" म्हणतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

"ऑन" मात्र दुसऱ्या बाजूनं येतो. "अ चॅप्टर ऑन कॉटन" म्हणजे कापसावरचं प्रकरण. आपण बोलताना "कापसाचं प्रकरण" म्हणतो म्हणून पोरं "चॅप्टर ऑफ कॉटन" लिहितात, ते नको. "ऑफ" कधी, तर प्रकरण कोणाच्या मालकीचं आहे ते सांगताना, "द थर्ड चॅप्टर ऑफ द थिसिस". आणि आजकाल सगळीकडे ते एडिटेड बुकमध्ये प्रकरण देण्याचं चाललंय ना, तिथं "आय कॉन्ट्रिब्यूटेड अ चॅप्टर टू अॅन एडिटेड व्हॉल्यूम", त्यात "टू" येतो.

तिघींपैकी बरोबर कोण होती ते कळवा.

प्रश्न (अचलपूर तालुक्यातले एक शिक्षक) : मी "अॅज डिस्कस्ड इन द लास्ट चॅप्टर" असं लिहिलं तर परीक्षकांनी व्हायव्हात विचारलं, शेवटचं प्रकरण अजून आलंच नाही तर चर्चा झाली कुठून? मला मागचं प्रकरण म्हणायचं होतं.

उत्तर : परीक्षकांनी थोडी मस्करी केली गुरुजी, पण त्यांचा मुद्दा खरा आहे. "लास्ट" दोन्हीकडे तोंड करून उभा असतो, आत्ताच गेलेलं तेही "लास्ट" आणि सगळ्यात शेवटचं तेही "लास्ट". बोलताना चालून जातं, लिहिताना मागचं असेल तर "प्रीव्हियस" किंवा "प्रिसीडिंग" लिहा, शेवटचं असेल तर "फायनल" किंवा "कन्क्लूडिंग". एकापेक्षा जास्त मागची असतील तर "अर्लियर चॅप्टर्स". पुढचं एक असेल तर "द नेक्स्ट चॅप्टर" किंवा "द फॉलोइंग चॅप्टर", पुढची सगळी असतील तर "सब्सिक्वंट चॅप्टर्स". पहिल्याला "ओपनिंग" किंवा "इंट्रोडक्टरी". "अपकमिंग चॅप्टर" लिहू नका, ते टीव्हीवरच्या मालिकेची जाहिरात वाटते. "फोर्थकमिंग" पण नको, ते अजून छापून यायच्या पुस्तकाला वापरतात, तुमचं पुढचं प्रकरण तर त्याच बाइंडिंगमध्ये आहे.

पण खरं सांगू का, या सगळ्याहून सोपं म्हणजे नंबर द्या. "अॅज डिस्कस्ड इन चॅप्टर टू." परीक्षकाला पान उलटून तिथं जाता आलं पाहिजे, त्यासाठीच तर हा उल्लेख असतो. आणि "अॅज इट इज डिस्कस्ड" असं लिहू नका, तो "इट इज" इथंही गळतो. "अॅज नोटेड इन", "अॅज शोन इन", "अॅज वी सॉ इन", सगळे याच साच्यातले. पुढं येणाऱ्या गोष्टीसाठी "धिस इज डिस्कस्ड इन मोअर डिटेल इन चॅप्टर फाइव्ह", आणि एखादा मुद्दा टाळायचाच असेल तर सभ्य भाषेत "बियाँड द स्कोप ऑफ धिस चॅप्टर". या शेवटच्या जोडीनं अनेकांची अब्रू वाचवली आहे, माझीसुद्धा.

प्रश्न (अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी, गाव बार्शीटाकळी) : चॅप्टरचा सी कॅपिटल की स्मॉल?

उत्तर : नुसता शब्द असेल तर स्मॉल, "इन धिस चॅप्टर", यात वाद नाही. नंबर असेल तर बरेच लोक कॅपिटल करतात, पण शिकागो स्टाइलवाले (ही इंग्रजी लिखाणाच्या नियमांची एक अमेरिकन पद्धत) तिथंही स्मॉलच ठेवतात. विद्यापीठानं कोणती स्टाइल सांगितली ते पाहा, आणि सांगितलीच नसेल तर एक धरा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. दोन प्रकरणं असतील तर एस विसरू नका, "चॅप्टर्स टू अँड थ्री". आणि जर्नलला पेपर पाठवत असाल तर त्यात चॅप्टर नसतातच, सेक्शन असतात. थिसिसचं प्रकरण कापून पेपर करता आणि "इन धिस चॅप्टर" तसंच राहून जातं, संपादकाला लगेच कळतं कुठून काढलंय ते.

प्रश्न (चिमूर तालुक्यातून एक निवृत्त पोस्टमास्तर) : पेपरात "अमुक संस्थेचं नागपूर चॅप्टर" असं वाचतो. शाखेला चॅप्टर का म्हणतात?

उत्तर : हा प्रश्न थिसिसचा नाही पण मला आवडला म्हणून घेतला. चॅप्टर हा लॅटिनमधल्या "छोटं डोकं" अशा अर्थाच्या शब्दावरून आला, आपला "शीर्षक" जसा "शीर्ष" वरून येतो तसाच. युरोपातल्या मठांमध्ये संत बेनेडिक्टची नियमावली होती, तिची ७३ प्रकरणं. साधू रोज एकत्र जमायचे आणि त्यातलं एक प्रकरण वाचलं जायचं. हळूहळू त्या जमण्यालाच चॅप्टर म्हणायला लागले, मग जमणाऱ्या मंडळींना, आणि तिथून संस्थेच्या गावोगावच्या शाखेला. तुमच्या भागात हे समजवायला लागू नये, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला लोक जमतात आणि ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांपैकी एक वाचला जातो, उद्या त्या मंडळींनाच कोणी "अध्याय" म्हणायला लागलं तर जे होईल ते तिकडं झालं.

प्रश्न (गडचिरोली जिल्ह्यातून एक संशोधक ताई) : मी दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात पाठवते, दुरुस्त करून द्या. "इन द लास्ट चॅप्टर द रिसर्चर हॅज टोल्ड अबाउट द इंट्रोडक्शन. नाऊ इन द सेड चॅप्टर इट इज डिस्कस्ड अबाउट द रिव्ह्यू. इन द अपकमिंग चॅप्टर मेथडॉलॉजी विल बी गिव्हन." विषय मोहफूल वेचणाऱ्या बायांचा आहे.

उत्तर : ताई, वर सगळ्यांना जे सांगितलं ते तुमच्या तीन ओळीत एकाच ठिकाणी सापडलं, बरं झालं. आधी तो "सेड चॅप्टर" पाहू. हा आपल्या "सदर प्रकरणात" चा अवतार आहे. सदर हा शब्द तहसीलमध्ये जन्मभर खेटे घातलेल्या माणसाच्या रक्तात असतो, सदर अर्जदार, सदर शेत, सदर इसम. इंग्रजी थिसिसमध्ये त्याची गरज नाही, "धिस चॅप्टर" पुरतं. "द प्रेझेंट चॅप्टर" पण चालेल, फक्त त्यातला "द" खाऊ नका, आपल्याकडे "प्रेझेंट चॅप्टर डील्स विथ" असंच छापलेलं असतं, शोधगंगेवर जाऊन पाहा, तिथं थिसिस प्रकरणवार फाइली करून ठेवलेले असतात, दहा उघडल्या तर दोन-तीनमध्ये तरी सापडेल.

मी असं लिहीन. "चॅप्टर वन इंट्रोड्यूस्ड द स्टडी. धिस चॅप्टर रिव्ह्यूज द लिटरेचर ऑन विमेन हू गॅदर माहुआ फ्लॉवर्स. इट इज डिव्हायडेड इंटू थ्री सेक्शन्स. चॅप्टर थ्री देन डिस्क्राइब्ज हाऊ द फील्डवर्क वॉज डन." मागच्यासाठी भूतकाळ, चालू प्रकरणासाठी वर्तमान, आणि पुढच्यासाठीही साधा वर्तमान चालतो, दर वेळी "विल बी" लागत नाही. आणि पाहा, तुमच्या मूळ उताऱ्यात मोहफूल कुठंच नव्हतं, नुसता इंट्रोडक्शन, रिव्ह्यू, मेथडॉलॉजी. कोणाच्याही थिसिसला चिकटवता आला असता. जोड्या बरोबर जमल्यावर विषयाचं नावच नसेल तर काय उपयोग.

अशा ओळी प्रकरणाच्या सुरुवातीला दोन-तीन आणि शेवटी एखादी, एवढ्या बस. दर परिच्छेदाला "धिस चॅप्टर" नको, दहा फुटावर मैलाचा दगड कोणी लावत नाही.

जोड्या कुठं पाहायच्या हेही पाच-सहा जणांनी विचारलं, ते इथंच सांगून टाकतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी अकॅडेमिक फ्रेझबँक नावाचा साठा केला आहे, नेटवर फुकट पाहता येतो, त्यात प्रस्तावना, आढावा, निष्कर्ष अशा कामांप्रमाणे तयार वाक्यांचे साचे आहेत. ऑक्सफर्डची कोलोकेशन डिक्शनरी मिळाली तर तिच्यात एखादं नाम काढा, त्याच्याआधी कोणती विशेषणं आणि कोणती क्रियापदं येतात ते दिलेलं असतं. आणि गावात रेंज असेल तर गूगलवर अवतरणचिन्हात वाक्य टाका, जिथं शब्द माहीत नाही तिथं फुली म्हणजे तारा टाका, इतरांनी काय लिहिलं ते दिसतं. फक्त कोणी लिहिलंय ते पाहा, चुकीची जोडीही हजार ठिकाणी सापडते.

आणि हा शब्द लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली पस्तीस लाख शब्दांचं शैक्षणिक लिखाण चाळून ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे एक शब्द आणि त्यापासून झालेले त्याचे भाऊबंद) यादी केली, सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द. यादीचे वारंवारतेप्रमाणे दहा भाग आहेत आणि चॅप्टर दुसऱ्याच भागात बसलाय.

प्रश्न (पुसद तालुक्यातला बारावीचा विद्यार्थी) : सर, आमच्या वर्गात एक पोरगा हाये, त्याले सगळे "लय चॅप्टर हाये" म्हनते. मी चाचणी परीक्षेत "ही इज अ बिग चॅप्टर" लिहिलं तर अर्धा मार्क कापला. काहून?

उत्तर : बाळा, हा चॅप्टर आपणच घडवलेला आहे, इंग्रजी माणसाला तू हे वाक्य म्हणशील तर तो पुस्तक शोधायला लागेल. "कनिंग" लिही, आणि दोस्त असेल तर "स्मार्ट". अर्धाच मार्क कापला म्हणजे तपासणाऱ्या सरांना अर्थ कळलेला होता. त्या पोराचं नाव पेपरात लिहिलं नाहीस ना?